शिंपला मी एकट्याने हलवला

४ मार्च, सोमवार

आणि वर तोंड करून म्हणतो काय, "जुनरे, तू शिंपले खाल्लेस, पाळले नाहीस." कुया मंडोचं हे नेहमीचंच. जानेवारीत म्हणाला, तुला इस्त्री जमत नाही. फेब्रुवारीत म्हणाला, तुझा भात म्हणजे पोस्टर चिकटवायची खळ. आता शिंपल्यावर आला. बारा वर्षं या परक्या बेटावरच्या हॉटेलचे पंप आणि बॉयलर सांभाळले म्हणून माणूस समुद्राचा मालक होतो का? हा माझ्याच देशातला, पण इलोइलो शहरातला. पोहायला शिकला तिशीत, तेही इथल्या पूलमध्ये. मी सामार बेटावरचा. माझा बाप जन्मभर खडकातून शिंपले काढतोय आणि आठव्या वर्षापासून मी त्याच्याबरोबर. शाळा चौथीत सोडली ती काय झोपा काढायला? वयाने मोठा म्हणून कुया म्हणतो. भाऊ म्हणून नाही.

जळतो, दुसरं काय. आज हॉटेलच्या मालकीण एबिल मॅडमने लॉबीतला माशांचा टँक त्याच्याकडून काढून माझ्याकडे दिला. सगळ्यांसमोर. मीच तिला सांगितलं होतं की माझ्या बापाने दहा हजार शिंपले काढलेत. (हजार तरी असतील.) टँकमध्ये डाव्या कोपऱ्यात दगडाला धरून बसलेला निळा शिंपला आहे, हातभर नाही पण वीतभर नक्की. मॅडमच्या भावाने दिलेला. टँकमधलं समुद्रफूल, ते फुलासारखं दिसणारं जनावर, सरकत सरकत त्याच्याकडे चाललंय. टेकलं की डंख मारणार, शिंपला संपणार. म्हणून शिंपला उजवीकडे न्यायचा, तोही तेवीस तारखेच्या आत. त्या दिवशी मॅडमच्या मुलीला पहिल्या बाळंतपणानंतर हळद-तेल लावून लोकांसमोर आणायचं आहे आणि मामा म्हणून तो भाऊ येणार आहे. आल्या आल्या आधी शिंपला बघेल.

काम नीट झालं तर माझं काँट्रॅक्ट दोन वर्षांचं, आणि हुद्दा 'टँक इन्चार्ज'. नाही झालं तर एकतीस तारखेला जुनं काँट्रॅक्ट संपतंय आणि विमान घराकडे जातं.

आईला लगेच फोन करून इन्चार्ज झालो म्हणून सांगितलं. झाल्यातच जमा आहे.

५ मार्च. सकाळी ९.४०

सहाला उठणार होतो. मंडोच्या घोरण्यामुळे झोप लागली नाही, म्हणून उठलो नाही.

प्लॅन: १) शिंपला काढणे. २) उजवीकडे ठेवणे. एकूण वेळ दहा मिनिटं.

मंडो आला, न विचारता शिकवायला लागला. म्हणाला, "शिंपला पायातून धागे काढतो, त्या धाग्यांनी दगड धरतो. ओढलास तर धाग्यांबरोबर पाय तुटेल. पाय तुटला की मेला. तो ज्या दगडावर बसलाय तो सुटा आहे. दगडासकट उचल, उजवीकडे ठेव, हात पूस."

हसूच आलं. दगडासकट! दगड तर हमालही उचलतो. मग माझी गरज काय, आणि हुद्दा कशाला? मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "तेच तर विचारतोय." आणि शिट्टी वाजवत गेला.

राग इतका आला की दुपारचं जेवण दोनदा जेवलो.

६ मार्च, राखेचा बुधवार

सकाळी चर्चमध्ये जाऊन कपाळाला राख लावून आलो. उपवासकाळाचा निश्चय: चाळीस दिवस कुणावरही रागवायचं नाही. सिगारेट सोडणं सोपं आहे, ते कुणीही करतं (मी ओढतच नाही). राग सोडणं म्हणजे खरं.

दुपारी १२.१५. निश्चय मंडोमुळे मोडला. कपाळाकडे बघून म्हणाला, "बरं झालं, शिंपल्याच्या मयताची तयारी आधीच केलीस."

संध्याकाळी ५. पहिला प्रयत्न. शिडीवर चढलो, खांद्यापर्यंत हात घातला, शिंपला दोन्ही हातांनी धरला. त्याने खट्कन तोंड मिटलं आणि जी पिचकारी मारली ती सरळ माझ्या डोळ्यात. लॉबीत तैवानचे बारा पाहुणे होते. त्यांना वाटलं रोजचा कार्यक्रम आहे. टाळ्या वाजवल्या. एका बाईने परत करायला सांगितलं.

मॅडमचा म्हातारा मामा ओमदासू दिवसभर लॉबीतल्या वेताच्या खुर्चीत बसून सुपारी चघळतो आणि डब्यात लाल थुंकतो. तो शिंपल्याकडे बोट दाखवून एकच शब्द बोलला. "लिंबू." इथले लोक शिंपला कच्चाच खातात, लिंबू पिळून. आम्ही व्हिनेगर घालतो. पण म्हाताऱ्याने बोलायची ही वेळ नव्हती.

हा शिंपला उद्धट आहे. आमच्याकडचे असे नाहीत.

८ मार्च

मोबाईलवर व्हिडिओ शोधला. एक गोरा माणूस पस्तीस मिनिटं बोलतो. इंग्रजी फार भरभर. पहिली वीस मिनिटं नुसतं प्रास्ताविक असणार म्हणून पुढे ढकललं. शेवटची पाच मिनिटं तो नव्या दिव्याची जाहिरात करतो. मधल्या दहा मिनिटांत नेट गेलं. तरी एक कळलं, त्याच्याकडे पातळ ब्लेड होतं आणि तो अगदी हळू हळू, एकेक धागा दगडाच्या बाजूने कापत होता. इतका हळू की मला झोप आली. याच्या बापाने कधी भरतीच्या आधी चाळीस शिंपले काढले नसतील.

आमची पद्धत म्हणजे लोखंडी पात खाली घालायची, मनगट फिरवायचं, हिसका द्यायचा. एक शिंपला, एक श्वास. बाबा म्हणतात, दुसरा श्वास लागला तर तो कोळी नव्हे.

किचनमधून चपटा कालथा मिळाला. दगडावर घासून धार लावतोय.

९ मार्च

हद्द झाली. सकाळी बघतो तर शिंपल्याच्या पुढच्या कडेखाली कुणीतरी एक चपटा दगड सरकवून ठेवलाय. कुणीतरी म्हणजे कोण ते सांगायला नको. विचारलं तर म्हणाला, "राहू दे ना. तो आपल्या मनाने जुना दगड सोडेल, यावर येईल. आठवडा लागेल, दोन लागतील. मग हा बशीसारखा उचल. तुझं नाव होईल, मी कुठे बोलणार नाही."

माझ्या टँकमध्ये हात! मी टँकचा इन्चार्ज (होणार) आहे की तो? आणि शिंपल्याच्या मनाने चालायचं? त्याला मन असतं तर तो असा एका जागी बसला असता का? मी माझ्या मनाने निघालो आणि कुठल्या कुठे आलो.

दगड काढून पूलजवळच्या झाडाच्या कुंडीत टाकला. मंडोला सांगितलं, परत टँकला हात लावलास तर मॅडमकडे जाईन. तो म्हणाला, "जा की. जाताना टॉवेल घेऊन जा, दोन नंबरच्या मजल्यावर द्यायचेत."

टॉवेल दिले. पण त्याने सांगितलं म्हणून नाही.

११ मार्च

समुद्रफूल दोन बोटं पुढे आलं. आता शिंपल्यापासून चार बोटं. रात्री ते चालतं आणि दिवसा काही झालंच नाही असं फुलून बसतं. त्यात राहणारे नारंगी पट्ट्यांचे मासे माझ्या हाताला चावले. इथे प्रत्येक जण माझ्या विरोधात आहे.

मॅडमने विचारलं, कधी? म्हणालो, परवा. तिने चष्म्यावरून बघितलं. म्हणाली, "घाई नको, जुनरे. माझ्या भावाने दिलेला आहे. हॉटेल उघडलं त्या दिवशी." मी म्हणालो, मॅडम, बिनधास्त राहा. ती म्हणाली, "मी बिनधास्त राहिले असते तर हॉटेल चाललं नसतं."

हुशार बाई आहे, पण शिंपल्यातलं कळत नाही.

१३ मार्च. दुपारी २.३०

झालं!!!

एकट्याने. कुणाची मदत नाही. मंडो बॉयलरकडे होता तेवढ्यात शिडी लावली. कालथा खाली घातला, मनगट फिरवलं, हिसका. पहिल्या श्वासात जमलं नाही, तिसऱ्याला सुटला. चर्रर्र असा हाताला जाणवला. अगदी घरच्यासारखा. बाबा इथे असते तर पाठ थोपटली असती.

तळाची पांढरी गुठळी दगडावरच राहिली. म्हणजे मूळ सुटलं. चांगलंच झालं, आता जुन्या जागेची ओढ राहणार नाही. उजवीकडे सगळ्यात वर, भर दिव्याखाली, वाळूत नीट उभा करून ठेवला. समुद्रफुलाला म्हणालो, ये आता.

एकूण वेळ सहा मिनिटं. अंदाज दहाचा होता.

मंडोला बोलावून दाखवलं. तो डावीकडच्या दगडावरच्या गुठळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जुनरे, हे काय केलंस रे?" दुसऱ्याचं यश बघवत नाही याचं इतकं साधं उदाहरण मी आजवर बघितलं नव्हतं.

१४ मार्च

शिंपला खूश आहे! इतका उघडलाय की आतलं सगळं दिसतं. तिकडे कोपऱ्यात असताना बोटभर उघडायचा, आता तीन बोटं. जागा आवडली.

आणखी एक. पूर्वी वरून हाताची सावली पडली तरी मिटायचा. आज पाच वेळा हात फिरवला, हलला नाही. मला ओळखायला लागला. बारा वर्षांत मंडोला हे जमलं नाही.

पाहुण्यांनी फोटो काढले. मी शेजारी उभा राहिलो.

ओमदासू म्हातारा म्हणाला, "लिंबू. आज." आज का म्हणाला ते कळलं नाही.

१५ मार्च. रात्री

बाबांना फोन केला. कौतुक ऐकायला केला होता, हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

सगळं सांगितलं. बाबांनी विचारलं, किती उघडलाय? म्हणालो, तीन बोटं, आता चार. सावलीला मिटतो का? म्हणालो, नाही, माझी सवय झालीये त्याला. बाबा म्हणाले, "पोरा, आजच्या आज खाऊन टाका. उद्या वास मारेल."

मी म्हणालो, बाबा, तो खायचा नाही, तो ठेवायचा आहे. बाबा म्हणाले, "ठेवायचा होता तर काढलास कशाला?"

फोन आपटला. (पलंगावर. स्क्रीन आधीच गेलीये.) म्हातारा जुन्या काळातला माणूस. त्याला फक्त काढणं माहीत. आमच्याकडे सकाळी काढलेला शिंपला दुपारी ताटात असतो, दुसऱ्या दिवशी तो कसा दिसतो हे अख्ख्या गावात कुणी बघितलेलं नाही. मग बाबांना काय कळणार?

हे वाक्य परत वाचलं. पुढे लिहावंसं वाटत नाही. झोपतो.

१६ मार्च

शिंपल्याला मित्र मिळाले. दोन हिरवे मासे दिवसभर त्याच्या आत तोंड घालून असतात. एक खेकडाही येऊन बसला.

लॉबीत थोडा वास आहे. किचनला जाऊन दम दिला की कचरा वेळेवर टाका. आचारी म्हणाला, कचरा सकाळीच गेला. खोटं बोलतात.

निळा रंग थोडा फिका वाटतो. दिव्यामुळे. उद्या दिवा बदलायला सांगेन.

१७ मार्च, रविवार. सकाळी ६.१०

आज सहाला उठलो. वासानेच जाग आली.

पाणी दुधासारखं झालंय. पंप बिघडला असणार. पंप मंडोकडे आहेत, नोंद करून ठेवतो.

१७ मार्च. दुपारी

सगळं लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

मी पोहोचलो तेव्हा मंडो आधीच शिडीवर होता. शिंपला बादलीत घातलेला, वर झाकण. नळी लावून पाणी बदलत होता, उरलेले मासे ड्रममध्ये काढत होता. अंगातला शर्ट पिळून निघालेला. मला म्हणाला, "नळी धर आणि तोंड उघडू नकोस." अकरा मासे मेलेले. हिरवे दोन्ही त्यात. समुद्रफूल मात्र ठणठणीत, तुरा फुलवून बसलेलं.

नऊला मॅडम आली. ओमदासू मामा खुर्चीत होताच. मंडो हात पुसत पुढे झाला आणि म्हणाला, "मॅडम, शिंपला गेला. जुना होता. समुद्रफुलाचा डंख लागला असेल, उशीरच झाला होता हलवायला. पोराचा काही दोष नाही."

मॅडमने बादलीकडे बघितलं. डोळे मिटले. म्हणाली, "बरं. जनावर आहे, मरतं. भावाला मी सांगेन." आणि जायला वळली. मामानेही मान हलवली. एवढ्यावर संपलं होतं.

पण "पोराचा" म्हणाला! पोर! जसा मी तिथे नव्हतोच, टँक अजून त्याचाच होता आणि मी नुसती शिडी धरली होती! आणि उशीर म्हणे! माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेली. मी म्हणालो, "डंख कसला? समुद्रफुलाचा त्याला स्पर्शही झाला नव्हता! मॅडम, शिंपला मी हलवला. एकट्याने. सहा मिनिटांत. यांनी बोटही लावलेलं नाही. आमच्या पद्धतीने काढला, मुळापासून!"

मॅडम थांबली. परत आली. म्हणाली, "मुळापासून?"

मग ती टँकच्या डाव्या बाजूला गेली, वाकली, दगडावर ती गुठळी होती तिथे जे काही उरलं होतं ते बघितलं. खूप वेळ बघितलं. मी म्हणालो, मॅडम, मूळ सुटलं होतं पण...

ओमदासू मामाने डब्यात थुंकलं. मला वाटलं लिंबू म्हणणार. तो म्हणाला, "खाल्ला असता तरी मान राहिला असता त्याचा."

मॅडम आत गेली. मंडोने नळी माझ्या हातातून घेतली. हळू आवाजात म्हणाला, "गाढवा, ती जात होती. दारापर्यंत गेली होती. तुझं तोंड मिटायला काय सावली पाडावी लागते?"

१८ मार्च

मंडोवर राग आहे. मला न विचारता मला वाचवायला गेला. सांगितलं असतं तर मी गप्प बसलो असतो. (त्याने सांगितलं होतं. नळी धरताना. पण ते नीट समजावून नव्हतं.)

मी आता लाँड्रीत आहे. तात्पुरता.

२० मार्च

कुंडीतून तो चपटा दगड मंडोने काढून धुतला. मी बघत नव्हतो, खिडकी तिकडेच आहे.

२३ मार्च, शनिवार

समारंभ. सकाळपासून बावन्न टेबलक्लॉथ इस्त्री केले. एकही जाळला नाही. कुणी बघायला आलं नाही.

लाँड्रीच्या दारातून दिसलं तेवढं दिसलं. मॅडमची मुलगी हळदीने पिवळीधमक, डोक्यात फुलं, पायाखाली चटया. बायकांचं गाणं. मामा लोक पैसे ठेवत होते. मग मॅडमने भावाला टँककडे नेलं. मी इस्त्री बंद केली, ऐकू यावं म्हणून. तिने सगळं सांगितलं असणार, कारण तो मोठ्याने हसला. खूप हसला. मग त्याने खिशातून काढल्यासारखी एक पिशवी काढली, पाण्याने भरलेली, आत एक शिंपला. अंगठ्याएवढा. तो मत्स्यबीज केंद्रात कामाला आहे, त्याला काय, आणखी देईल.

मंडोने तो चपट्या दगडावर ठेवला.

हसण्यासारखं काय होतं त्यात?

२७ मार्च

टॉवेल द्यायला गेलो होतो तेव्हा बघितलं. चार दिवसांत चिमुकल्याने दगड धरला. मंडोने मला हाक मारली, दगड दोन बोटांत उचलला, उजवीकडून मध्ये ठेवला, मग पुन्हा उजवीकडे, समुद्रफुलापासून लांब. शिंपला थोडा मिटला, लगेच उघडला. मंडो म्हणाला, "घे, तू कर."

मी म्हणालो, मला टॉवेल द्यायचेत.

असं तर कुणीही हलवेल.

वरून हाताची सावली पाडली. मिटला. तीनदा पाडली, तीनदा मिटला.

३१ मार्च, रविवार

काल सही झाली. दोन वर्षांचं नाही, सहा महिन्यांचं. लाँड्री. मंडोने मॅडमला सांगितलं म्हणे की बावन्न टेबलक्लॉथ एका सकाळी करणारा दुसरा मिळणार नाही. हे त्याने मला सांगितलं नाही, आचाऱ्याने सांगितलं. रात्रीचा भात मी केला. चिकट झाला. त्याने सगळा खाल्ला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही, त्याचाही राग आला, पण थोडा.

अकरा माशांचे पैसे पगारातून गेले. एरवी घरी दीडशे डॉलर पाठवतो.

आईचा फोन आला होता. शेजारच्यांना सांगून ठेवलंय म्हणाली, मुलगा इन्चार्ज आहे. इन्चार्ज म्हणजे नक्की काय करतोस ते विचारतात, काय सांगू? म्हणालो, सांग की सगळं माझ्या हातून जातं. खोटं नाही. हॉटेलची प्रत्येक चादर जाते. मग बाबा फोनवर आले. त्यांनी शिंपल्याचं विचारलं नाही. जेवलास का विचारलं. म्हणालो, जेवलो. म्हणाले, बरं.

पैसे पाठवायच्या खिडकीवर रविवारी गर्दी, सगळे आपलेच लोक. फॉर्मवर व्यवसाय विचारतात. 'टँक इन्चार्ज' लिहिलं. मग खोडलं. खिडकीतली बाई म्हणाली, खाडाखोड चालत नाही, भाऊ, नवा घ्या आणि परत मागे उभे राहा. नवा घेतला, मागे उभा राहिलो. पाऊण तास. नव्यावर लिहिलं: धुलाई.

रक्कम: पंचेचाळीस डॉलर.